बंगळूरचे पाठीराखे

फुटबॉलचा खेळाडू फार झाले तर बारा-पंधरा वर्षे खेळतो. पाठीराख्याची कारकीर्द मात्र जन्मभराची असते. गुडघे दुखू लागले की खेळाडूला निवृत्त होता येते. पाठीराख्याला ती सोय नाही. बापाचे बोट धरून तो प्रथम मैदानावर जातो आणि पन्नास वर्षांनी नातवाचे बोट धरून पुन्हा तेथेच जातो. मधल्या काळात संघ बदलतात, कर्णधार बदलतात, प्रसंगी राज्याचे नावही बदलते. त्याचे मन तेवढे पहिल्या जागी खिळून राहते. विजयी संघाच्या छायाचित्राखाली अकरा नावे छापलेली असतात. कुंपणाला छाती टेकून ज्यांनी घसा बसवून घेतला, त्यांची नावे कोठेच छापली जात नाहीत. बंगळूरच्या अशा अनाम माणसांची ही हकीकत आहे.

बंगळूर म्हटले की मराठी माणसाला प्रथम शहाजीराजांची जहागीर आठवते, मग थंड हवा आणि उद्याने, आणि अलीकडे संगणकाच्या कचेऱ्या. फुटबॉल सहसा आठवत नाही. याचे कारण असे की हे शहर बराच काळ एक नव्हतेच. केंपेगौडाने वसविलेली आणि शहाजीराजांनी पाहिलेली जुनी पेठ एकीकडे. आणि 1809 साली इंग्रजांनी वसविलेली छावणी दुसरीकडे. मध्ये कब्बन पार्कची दाट झाडी. झाडीच्या या बाजूला कन्नड बोलणारे व्यापारी आणि विणकर. त्या बाजूला पलटणी, आणि पलटणींच्या पाठोपाठ आलेले तमिळ मजूर, दखनी बोलणारे मुसलमान दुकानदार, अँग्लो-इंडियन कुटुंबे. फुटबॉल आला तो त्या बाजूला. संध्याकाळची कवायत आटोपली की गोरे शिपाई चेंडू घेऊन मैदानावर उतरत. आणि कडेला उभी राहून पाहणारी पोरे असत ती खानसाम्यांची, मोतद्दारांची, धोब्यांची. चेंडू बाहेर आला की तो परत लाथाडण्याचा मान त्यांचा. खेळाचे पहिले शिक्षण त्यांना मिळाले ते एवढेच. बूट अर्थातच नव्हते.

हिंदुस्थानात हा खेळ आणणाऱ्या पलटणींत स्कॉटलंडच्या पलटणींचा वाटा मोठा होता. सिमल्यास 1888 साली ड्युरँड चषकाची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा अंतिम सामन्यात उतरलेले दोन्ही संघ स्कॉटिशच होते: रॉयल स्कॉट्स फ्युजिलियर्सनी हायलँड लाइट इन्फंट्रीवर 2-1 अशी मात केली. हा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. बंगळूरच्या पाठीराख्याला जगात कोणी खरा भाऊ असेल, तर तो स्कॉटलंडचा पाठीराखा होय. दोघांची भेट कदाचित कधी झाली नसेल. परंतु दोघांचे दुःख एकाच साच्याचे आहे.

या दुःखाआधीचे सुख प्रथम सांगितले पाहिजे. मुंबईच्या कूपरेज मैदानावरील रोव्हर्स चषक ही एके काळी देशातील मोठ्या मानाची स्पर्धा होती. 1891 पासून त्या चषकावर पलटणींचीच मक्तेदारी होती. ती मोडली 1937 साली, आणि मोडणारा संघ होता बंगळूर मुस्लिम्स. अंतिम सामन्यात समोर कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग होता. त्या काळात कलकत्ता लीगचे अजिंक्यपद हा संघ वर्षामागून वर्षे कोणाला मिळू देत नव्हता. त्याला बंगळूरने 1-0 असे हरविले, आणि रोव्हर्स चषक प्रथमच देशी नागरी संघाच्या हाती आला. पुढल्या वर्षी, 1938 मध्ये, तोच संघ पुन्हा अंतिम सामन्यात उतरला. आता गाठ होती स्कॉटलंडच्या आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स या पलटणीशी. बंगळूरने तोही सामना 3-2 असा जिंकला. कालपर्यंत कडेला उभे राहून चेंडू परत लाथाडणाऱ्यांनी ज्यांच्याकडून हा खेळ घेतला, त्यांनाच कूपरेजवर नमविले. मुंबईकरांनी ते डोळ्यांनी पाहिले. बंगळूरकरांनी ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत वाचले असेल, आणि मग सांगून सांगून इतके आपले केले की तीस वर्षांनी त्या सामन्याला हजर असल्याचे सांगणारे लोक मैदानाच्या क्षमतेहून अधिक निघावेत. पाठीराख्याच्या आठवणीला एवढी सूट द्यावीच लागते.

पुढची पंधरा वर्षे भरभराटीची होती. 1946-47 मध्ये म्हैसूर राज्याच्या संघाने बंगालला हरवून संतोष चषक जिंकला आणि 1952-53 मध्ये पुन्हा बंगाललाच हरवून तो परत मिळविला. दोन्ही वेळा अंतिम सामना बंगळुरातच झाला होता. म्हैसूरचा संघ म्हणावयाचा, परंतु त्यातली पोरे बहुशः छावणीच्या वस्त्यांतली: हलसूर, शिवाजीनगर, ऑस्टिन टाउन, मर्फी टाउन. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी सामना झाला. भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. सामना 2-1 असा हरला. परंतु भारताचा तो एकुलता एक गोल केला बंगळूरच्या सारंगपाणी रामन याने. ऑलिंपिकच्या मैदानावर भारतीय फुटबॉलचा तो पहिला गोल होय. त्याच संघात बंगळूरचा अहमद खान होता. चेंडू त्याच्या पायाशी असा राही, की तो पायाचाच एखादा अवयव वाटावा.

आणि येथूनच दुःखाला आरंभ होतो. अहमद खान कलकत्त्याला गेला. ईस्ट बंगालच्या आघाडीच्या पाच खेळाडूंना तिकडचे लोक पंचपांडव म्हणत. त्यांत अहमद खान एक, आणि बंगळूरचाच धनराज दुसरा. रामन मोहन बागानकडे गेला. नंतरच्या पिढीतला अरुमैनायगम, 1962 च्या जाकार्ता एशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघातला, तोही बंगळूरचा आणि तोही कलकत्त्यात नाव काढणारा. त्यांना दोष कोणी द्यावा? कलकत्त्यात क्लब होते, पैसा होता, सामन्याला लाखाचा नाही तरी हजारोंचा जमाव होता. छावणीच्या एका खोलीत आठ माणसांचा संसार असलेल्या घरातला मुलगा तेथे गेला नसता, तरच नवल. परंतु मागे राहिलेल्या पाठीराख्याची अवस्था चमत्कारिक झाली. ज्या मुलाला गल्लीत चिंध्यांच्या चेंडूने खेळताना पाहिले, तो आता परक्या शहराच्या रंगात खेळत होता. त्याच्या गोलाची बातमी वाचून आनंद व्हावा, आणि तो गोल कोणाच्या नावावर जमा झाला हे पाहून जीव खट्टू व्हावा. म्हणून वर्षातून एकदा, संतोष चषकात बंगालशी गाठ पडली, की बंगळूरचा माणूस पेटून उठे. जे शहर आपली पोरे घेऊन गेले, त्याला उरलेल्या पोरांनिशी हरवायचे. 1967-68 मध्ये कटकला आणि 1968-69 मध्ये बंगळूरला म्हैसूरने तेही करून दाखविले. दोन्ही अंतिम सामन्यांत बंगालचाच पराभव, तोही एकेका गोलाने. म्हैसूरची चारही अजिंक्यपदे बंगालला हरवून मिळालेली आहेत, ही गोष्ट बंगळूरचा जुना पाठीराखा बोटावर मोजून सांगतो, आणि मोजताना चौथ्या बोटाशी क्षणभर थांबतो.

आता स्कॉटलंडकडे पाहावे. तेथल्या उत्तम खेळाडूंनाही इंग्लंडचे श्रीमंत क्लब नेतात. 1928 साली वेम्बलीवर इंग्लंडला 5-1 असे हरविणाऱ्या स्कॉटिश संघातले अकरांपैकी आठ जण पोटासाठी इंग्लंडच्या लीगमध्येच खेळणारे होते. घरची मुले परक्या घरी, आणि इंग्लंडशी सामना म्हणजे ती मुले एक दिवसापुरती घरी येणे. त्या एका दिवसाचे वेड किती असावे? ग्लासगोच्या हॅम्डेन पार्कवर 1937 च्या एप्रिलात इंग्लंडशी सामना झाला, त्याला 1,49,415 माणसे तिकीट काढून आली होती. दर दोन वर्षांनी सामना लंडनला असे. गोदीतले आणि कारखान्यांतले कामगार त्यासाठी आपसांत मंडळी स्थापून दर आठवड्याला नाणे नाणे टाकीत. आपल्याकडे पंढरीच्या वारीसाठी किंवा दिवाळीसाठी भिशी लावतात, तसे. मग चौकड्यांचा लोकरी किल्ट नेसून, मशकबीन वाजवीत हजारो माणसे आगगाडीने लंडनवर उतरत. 1967 साली, आदल्याच वर्षी जगज्जेता झालेल्या इंग्लंडला त्यांनी वेम्बलीवर 3-2 असे हरविले, आणि ज्याने आपल्याला जिंकले तो जगज्जेता, या सरळ हिशेबाने स्वतःला जगज्जेते म्हणवून घेतले. 1977 मध्ये पुन्हा तेथे विजय मिळाला, तेव्हा हे लोक मैदानात घुसले, गोलाचे खांब मोडले आणि हिरवळीचे तुकडे कापून घरी नेऊन आपल्या परसात लावले. हा प्रकार सभ्यतेला धरून नव्हता, हे खरे. परंतु पराभूत शत्रूच्या राज्यातून सोन्यानाण्याऐवजी गवत लुटून नेणारी फौज इतिहासात दुसरी आढळत नाही.

त्यांच्या आठवणींचा मात्र एक विशेष आहे. विजयांइतकेच किंबहुना काकणभर अधिक प्रेम त्यांचे पराभवांवर आहे. 1974 च्या विश्वचषकात त्यांचा संघ एकही सामना न हरता बाहेर पडला. 1978 साली अर्जेंटिनाला जाताना विश्वचषक आणण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. तेथे पेरूने हरविले, इराणने बरोबरीत रोखले. मग शेवटच्या सामन्यात बलाढ्य नेदरलँड्सविरुद्ध तीन गोलांच्या फरकाने विजय हवा होता. आर्ची गेमिलने तिघांना हुलकावण्या देऊन असा गोल केला, की धावसंख्या 3-1 झाली आणि आणखी एकाच गोलाची उणीव उरली. थोड्याच मिनिटांत नेदरलँड्सने गोल फेडला. सामना 3-2 असा जिंकूनही स्कॉटलंड स्पर्धेबाहेर गेले. त्या विश्वचषकात काय मिळाले, असे विचारले तर स्कॉटिश माणूस सांगतो: तो गोल. 1998 पर्यंतच्या आठ विश्वचषकांत त्यांना पहिली फेरी एकदाही ओलांडता आली नाही. त्यानंतर विश्वचषकाचे दारच बंद झाले. ते पुन्हा उघडले 2025 च्या नोव्हेंबरात, हॅम्डेनवर डेन्मार्कचा 4-2 असा पराभव केल्यावर. मधल्या सत्तावीस वर्षांत या लोकांनी किल्ट पेटीत ठेवले नाहीत.

बंगळूरच्या पाठीराख्याजवळ किल्ट नव्हता, आगगाडीचे भाडे तर नव्हतेच. त्याची वारी गावातल्या गावात. स्वातंत्र्याच्या आगेमागे बंगळुरात सरकारी कारखाने उभे राहिले: विमानांचा, टेलिफोनचा, यंत्रांचा. या कारखान्यांनी आपापले संघ काढले, खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. हलसूरच्या तळ्याकाठी मद्रास सॅपर्सचा संघ होताच. पाळी सुटली की माणसे सायकली दामटीत मैदान गाठत. पुढे मॅग्रथ रस्त्यावर फुटबॉलचे स्वतंत्र स्टेडियम झाले. सामना लीगचा असो की स्टॅफर्ड चषकाचा, पायऱ्यांवरच्या जागा ठरलेल्या. भाषा मात्र ठरलेली नाही: तमिळमध्ये आरंभलेली शिवी दखनीतून जाऊन कन्नडमध्ये संपे, आणि पंचाला तिन्ही भाषा समजत. सामना संपल्यावर चहाच्या दुकानाशी तो पुन्हा पहिल्यापासून खेळला जाई. कोणता गोल कोणत्या मिनिटाला, आणि विशेषतः कोणत्या पायाने, हे ज्याला सांगता येत नाही त्याने तोंड उघडू नये, असा तेथला अलिखित नियम. कोल्हापूरच्या श्रोत्यांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांची गाठ पडली की तेथे पेठांना जे होते, तेच येथे गौतमपुरा आणि ऑस्टिन टाउन यांना होत असे. भेद एवढाच की कोल्हापूरचा खेळाडू तालमीचा राहतो. बंगळूरचा नावारूपाला आला, की त्याच्या जाण्याची तारीख कुजबुजत ठरू लागे.

1968-69 नंतर संतोष चषक आला नाही. 1975-76 मध्ये संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. राज्याचे नाव तोवर कर्नाटक झाले होते. समोर बंगालच होता, आणि या वेळी बंगालने सोडले नाही. त्यानंतर अंतिम सामनासुद्धा दुर्मिळ झाला. कारणे सांगणारे पुष्कळ आहेत. क्रिकेटने मुले नेली. सरकारी कारखान्यांची रया गेली तशी त्यांचे संघ आटले. जमिनीचे भाव वाढले आणि मैदाने आकसली. ही सर्व कारणे खरी असतील. मागे राहिलेल्या माणसाला त्यांचा उपयोग नव्हता. संघ नाही, तर प्रेम ठेवायचे कोठे, हा त्याचा प्रश्न होता. गौतमपुऱ्याने त्याचे उत्तर आपल्या परीने शोधले. दलित तमिळ कष्टकऱ्यांच्या या वस्तीने आपले प्रेम उचलून थेट ब्राझीलला वाहिले. विश्वचषक आला की गल्ल्या पिवळ्या-हिरव्या होतात. आणि तेथल्या मैदानापाशी बुद्ध, डॉ. आंबेडकर आणि मदर तेरेसा यांच्या पुतळ्यांच्या पंक्तीत चौथा पुतळा पेलेचा आहे. बाहेरचा माणूस हे पाहून हसतो. त्याने हसू नये. अनवाणी खेळून जगाला नमविता येते, हे ज्या वस्तीने दूरच्या पेलेच्या आधी आपल्याच गल्लीत पाहिले, तिला पेले परका कसा वाटावा?

2013 साली बंगळुरू एफ. सी. हा व्यावसायिक क्लब निघाला. पहिल्याच वर्षी त्याने आय लीगचे अजिंक्यपद जिंकले. कंठीरव स्टेडियमच्या पश्चिमेच्या सज्जात नवे पाठीराखे उभे राहू लागले. वेस्ट ब्लॉक ब्लूज हे त्यांचे नाव. ही बहुतेक तरुण मंडळी, कचेऱ्यांतून आणि महाविद्यालयांतून येणारी, निळे सदरे घालणारी, नव्वद मिनिटे न बसता गाणारी. ऑस्टिन टाउनच्या म्हाताऱ्याला आरंभी हे विचित्र वाटले असल्यास नवल नाही. त्याच्या काळी पाठीराखा मधूनमधून शांत बसून खेळही पाहत असे. शिवाय या संघातले खेळाडू देशभरातून आणि देशाबाहेरून आणलेले. यातला आपल्या गल्लीचा कोण? हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. परंतु 2016 च्या ऑक्टोबरात मलेशियाच्या जोहोर संघाला कंठीरववर 3-1 असे हरवून हा क्लब ए. एफ. सी. चषकाच्या अंतिम सामन्यात गेला, तेथवर पोचलेला पहिला भारतीय क्लब म्हणून, तेव्हा त्या रात्री जे गायले त्यांची आठवण उसनी नव्हती. दोहा येथील अंतिम सामना इराकच्या वायुदल संघाने 1-0 असा जिंकला. पाठीराख्याच्या शिदोरीत पराभव नसेल तर ती अपुरी. ती उणीवही भरून निघाली.

गंमत पुढेच आहे. 2019 च्या मार्चमध्ये इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना मुंबईत, अंधेरीला झाला. गोव्याच्या संघाविरुद्ध जादा वेळही संपत आला होता, तेव्हा बंगळूरच्या राहुल भेकेने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. राहुल भेके हा मुंबईचा मराठी मुलगा. एके काळी कलकत्त्याचे लोक बंगळूरच्या अहमद खानाच्या नावाने ओरडत. आता बंगळूरचे लोक मुंबईच्या भेकेच्या नावाने ओरडत होते, आणि कूपरेजपासून काही कोसांवर घरी बसलेला एखादा मुंबईकर, आपला मुलगा कोणाच्या रंगात खेळतो आहे ते पाहत होता. अहमद खान हे पाहावयास राहिला नव्हता. कलकत्ता गाजवून तो पुन्हा बंगळूरला परतला होता, आणि 2017 साली, नव्वदी गाठून, तेथेच वारला.

संतोष चषक अखेर 4 मार्च 2023 रोजी आला, चौपन्न वर्षांनी. अंतिम सामना बंगळूरला नव्हता, कटकला नव्हता, देशातही नव्हता. स्पर्धेचे शेवटचे सामने त्या वर्षी सौदी अरेबियात, रियाधला नेले होते. प्रतिस्पर्धी बंगालही नव्हता, मेघालय होता. धावसंख्या 3-2. कूपरेजवर 1938 साली हायलँडर्सविरुद्ध होती, तीच. त्या प्रचंड स्टेडियममध्ये नोकरीनिमित्त तेथे राहणारे काही देशबांधव होते. मॅग्रथ रस्त्याच्या पायऱ्यांवर ज्यांनी आयुष्य काढले, त्यांपैकी कोणी असण्याचा संभव नव्हता. ज्या घरांतून 1968-69 चा विजय पाहणारे कोणी उरले होते, तेथे ही बातमी एखाद्या नातवाने भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वाचून दाखविली असेल. म्हाताऱ्याने ती ऐकून घेतली असेल, बोटे मोजली असतील, या वेळी पाचव्यापर्यंत. आणि मग विचारले असेल की तिसरा गोल कोणत्या पायाने मारला.